बोटुकलीचे कूळ: हॅचरीचा सॅल्मन आणि नदीचा सॅल्मन

गेल्या ऑगस्टमध्ये नाथसागराच्या काठावर एका मच्छीमार सहकारी संस्थेचे मत्स्यबीज सोडले जात असताना मी तेथे होतो. टेम्पोतून ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उतरवल्या गेल्या, पण त्या लगेच फोडायच्या नव्हत्या. भोई समाजातल्या एका जाणत्या काकांनी त्या बंद पिशव्याच पाण्यावर तरंगत ठेवायला लावल्या, कारण पिशवीतले पाणी आणि धरणाचे पाणी यांची ऊब सारखी होण्याआधी तोंड सोडले तर बोटुकली जागच्या जागी उलटी होते. अर्ध्या तासाने त्यांनी एकेक पिशवी तिरपी केली आणि बोटाएवढी चंदेरी पिले गढूळ पाण्यात निसटली. नंतर पावती पाहिली. तिच्यावर माशाची जात, पिलांचा आकार आणि नग एवढेच लिहिलेले होते. काका म्हणाले, "सर, कापसाच्या पिशवीवर वाण असतो, लॉट नंबर असतो. ह्याच्यावर काहून नाही?"

या प्रश्नाचा जगात सर्वांत खोलवर अभ्यास झाला आहे तो सॅल्मन या माशाच्या बाबतीत. त्याचे कारण सरळ आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅल्मनची पिले कृत्रिम रीतीने वाढवून नदीत सोडण्याचा उद्योग १८७२ पासून चालू आहे, म्हणजे त्याला दीडशे वर्षे उलटून गेली आहेत. कॅलिफोर्नियातल्या मॅक्लाउड नदीवर लिव्हिंग्स्टन स्टोन यांनी त्या वर्षी असे पहिले केंद्र, म्हणजे हॅचरी, उभारले. आज उत्तर प्रशांत महासागराभोवतीच्या देशांतून मिळून दरवर्षी सुमारे ५ अब्ज पिले समुद्राकडे सोडली जातात. चूक झाली असेल तर ती दिसून यायला इतका काळ आणि इतकी संख्या पुरेशी आहे.

आधी एक गैरसमज दूर करतो. हॉटेलच्या मेनूकार्डावर 'इंडियन सॅल्मन' म्हणून जो मासा असतो तो आपला रावस. त्याचा आणि सॅल्मनचा काही नातेसंबंध नाही. खरा सॅल्मन थंड पाण्याचा मासा आहे. तो नदीच्या उगमाकडच्या झऱ्यात, खडीतल्या खळग्यात जन्मतो, काही महिने किंवा एक-दोन वर्षे गोड्या पाण्यात काढून समुद्रात जातो, तेथे मोठा होतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा त्याच नदीत, बहुतेक वेळा त्याच ओढ्यात परत येतो. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध ओढ्यांत चढणारे चढणीचे मासे आपण पाहिलेले असतात. सॅल्मनची चढण तीच, फक्त ती कधी कधी दीड हजार किलोमीटरची असते. प्रशांत महासागरातल्या सॅल्मनच्या बहुतेक जाती एकदा अंडी घातली की मरतात. घरचा ओढा तो वासाने ओळखतो. समुद्राकडे जाताना त्या पाण्याचा वास त्याच्या मेंदूत ठसतो, हे विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या आर्थर हॅस्लर यांनी १९५० च्या दशकापासून केलेल्या प्रयोगांतून पुढे आले.

ही घरी परतण्याची सवय आनुवंशिकीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. प्रत्येक ओढ्याचे मासे आपापल्या ओढ्यातच जोड्या जमवत असतील, तर हजारो पिढ्यांमध्ये प्रत्येक ओढ्याचा वेगळा वाण तयार होतो. जात एकच, पण कोणी वसंतात नदीत शिरतो, कोणी शरदात. कोणाची अंडी अधिक थंड पाण्याला सरावलेली असतात, कोणाचे अंग लांबच्या चढणीसाठी चरबी साठवणारे असते. आपल्याकडे ज्वारी एकच, पण रब्बीत काळ्या जमिनीच्या ओलीवर येणारी मालदांडी निराळी आणि खरिपाची संकरित ज्वारी निराळी, तसेच हे आहे. मालदांडी उगवली नाही म्हणून तिच्या जागी कुठलीही ज्वारी टाकून भागत नाही, हे शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. माशांच्या बाबतीत मात्र 'सॅल्मन म्हणजे सॅल्मन' असे धरून जवळपास एक शतक कारभार चालला. एका नदीची अंडी रेल्वेने दुसऱ्या नदीवर नेली गेली आणि त्याचा कोणाला अभिमानही वाटला.

या वेगवेगळ्या वाणांचा उपयोग काय, याचे उत्तर अलास्कातल्या ब्रिस्टल उपसागरात मिळते. तेथे सॉकाय जातीच्या सॅल्मनच्या शेकडो वेगवेगळ्या वस्त्या आहेत. डॅनियल शिंडलर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की एखाद्या वर्षी काही वस्त्या खालावतात तेव्हा दुसऱ्या काही तेजीत असतात, त्यामुळे एकूण मासेमारी फारशी कोसळत नाही. हेच सगळे मासे एकाच साच्याचे असते तर मासेमारी बंद ठेवण्याची वेळ दहापट अधिक वेळा आली असती. आपले आजोबा एकाच रानात ज्वारी, तूर, मूग आणि उडीद असे मिश्र पीक घेत, ते याच हिशेबाने. पाऊस लवकर उघडला तर मूग हाती लागे, लांबला तर तूर. आता सगळीकडे सोयाबीन दिसते, आणि एक पंधरवड्याचा खंड पडला की तालुक्याचा तालुका एकदम हवालदिल होतो.

मग हॅचऱ्या का काढल्या? कारण नद्या अडवल्या गेल्या. कोलंबिया नदीवर १९३८ मध्ये बॉनव्हिल धरण कार्यान्वित झाले. त्यात माशांना चढण्यासाठी पायऱ्यांची वाट तरी ठेवली होती. पुढे त्याच नदीवर ग्रँड कूली धरण झाले, त्याला तीही वाट नव्हती, आणि त्याच्या वरच्या अंगाचा सगळा प्रदेश सॅल्मनला कायमचा बंद झाला. धरण हवे आणि मासाही हवा, अशा पेचातून सुटण्यासाठी हॅचरी हा सोयीचा मार्ग ठरला. त्यात लबाडी होती असे मला वाटत नाही. कोरड्या मुलखातला माणूस धरणाची किंमत जाणतो. जायकवाडीचे उद्घाटन १९७६ साली झाले तेव्हा पैठणच्या वर-खाली जाणाऱ्या माशांचे काय, हा प्रश्न कोणाच्या ओठावर येणे शक्यच नव्हते.

हॅचरीचे काम वरवर पाहता निर्दोष वाटते. परतलेल्या माद्यांची अंडी काढायची, त्यांवर नरांचे रेत ओतायचे, ट्रेमध्ये स्वच्छ थंड पाणी खेळते ठेवून पिले उबवायची, हौदात खाद्य देऊन वाढवायची आणि योग्य आकार झाला की नदीत सोडायची. चिनूक जातीची मादी चार-पाच हजार अंडी देते. नदीत त्यांतली फार थोडी पिलावस्था पार करतात. हॅचरीत बहुतेक सगळी करतात. आकड्यांच्या वहीत हे यश मोठे दिसते. दोष शिरतो तो दोन वाटांनी.

पहिली वाट आई-बापांच्या मोजक्या संख्येची. उस्मानाबादी शेळ्यांचा शंभराचा कळप डोळ्यांसमोर आणा: ९६ शेळ्या आणि ४ बोकड. डोकी मोजली तर शंभर, पण पुढच्या पिढीतल्या प्रत्येक करडाचे अर्धे रक्त त्या चार बोकडांपैकीच कोणाचे तरी असणार. आनुवंशिकीत याचा हिशेब करण्याची एक सोपी रीत आहे. नर आणि माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करायचा, तो चौपट करायचा आणि दोहोंच्या बेरजेने भागायचा. येथे उत्तर येते १५ च्या थोडे वर. म्हणजे आनुवंशिक विविधता किती वेगाने झिजेल हे पाहायचे, तर हा कळप शंभराचा नसून पंधराचा आहे. या आकड्याला परिणामकारक संख्या म्हणतात. ती घटली की भाऊबंदांत जोड्या लागतात, दडून बसलेले दोष वर येतात आणि रोगाची साथ आली तर तग धरणारे वेगळे रक्त कळपात उरत नाही.

नदीत नैसर्गिक मासे शिल्लक असताना त्यांना हॅचरीची जोड दिली तर निदान नुकसान तरी होणार नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे. स्वीडनच्या नील्स रायमन आणि लिंडा लायक्रे यांनी १९९१ मध्ये या समजुतीला धक्का दिला. त्यांचे सूत्र एका काल्पनिक उदाहरणात घालून पाहू. समजा नदीत ५०० मासे आहेत. त्यांतले २० आपण हॅचरीत नेले आणि तेथील सांभाळामुळे पुढच्या पिढीतले दर १०० पैकी ८० मासे या विसांचे वंशज निघाले. नदीत मासे वाढलेले दिसतील, मच्छीमार खूश होतील, पण परिणामकारक संख्या पाचशेवरून सुमारे ३१ वर येईल. उरलेल्या ४८० माशांचे रक्त त्या गर्दीत पातळ होऊन गेले. संख्या वाढवण्याच्या याच कृतीने वाण आटवला, ही गोष्ट मला पहिल्यांदा वाचली तेव्हा पटलीच नव्हती. कागदावर भागाकार करून पाहिला तेव्हा पटली.

दुसरी वाट अधिक सूक्ष्म आहे, आणि तिच्याबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे. हॅचरीत कोणी मुद्दाम निवड करत नसले तरी निवड होतच असते. नदीत जो मासा सावली दिसताच खडकाखाली दडतो तो जगतो, कारण सावली बहुधा बगळ्याची किंवा घारीसारख्या पक्ष्याची असते. हौदात सावली पडते ती खाद्य टाकणाऱ्या माणसाची. तेथे दडणारा उपाशी राहतो आणि वर धावणारा धष्टपुष्ट होतो. आपल्या शेततळ्यावर सकाळी शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा घेऊन गेलात की पाणी कसे उसळते, ते आठवा. नदीत मादी खडी उकरते, जागेसाठी भांडते, नर तिच्याभोवती झुंजतात. हॅचरीत जोडीदार बादली ठरवते. दाटीत, अंगावर अंग घासत, जखमा सोसत जगणे ज्याला जमते तो हौदात जिंकतो. एका पिढीत असे किती बदलणार, हा प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर ओरेगॉन राज्यातल्या हूड नदीने दिले.

त्या नदीवर पॉवरडेल नावाचे छोटे धरण होते. सॅल्मनचाच भाऊबंद असलेला स्टीलहेड हा मासा वर चढताना तेथे टोलनाक्यावर थांबवावा तसा थांबवला जाई, त्याचा थोडासा नमुना घेतला जाई आणि मग त्याला वर सोडले जाई. अनेक वर्षांचे नमुने साठल्यावर डीएनए वरून कोणता मासा कोणाचे पिल्लू याची वंशावळ मांडता आली. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यांची नोंद सापडते, तशी ही माशांची वही. हितोशी अराकी, बेकी कूपर आणि मायकेल ब्लूइन यांनी २००७ मध्ये तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला: बंदिस्त वाढवल्या गेलेल्या प्रत्येक पिढीमागे नदीत वंश वाढवण्याची क्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटत होती. नदीच्या माशामागे १० वंशज टिकत असतील, तर हॅचरीची एक पिढी झालेल्या माशामागे ६ आणि दोन पिढ्या झालेल्यामागे चारहून कमी, असा त्याचा अर्थ. त्याच चमूच्या पुढच्या कामातून २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. ज्या आई-बापांची पिले हॅचरीच्या वातावरणात सर्वांत चांगली निघाली, त्यांच्याच पिलांची नदीतली कामगिरी सर्वांत वाईट होती. २०१६ मध्ये हॅचरीच्या एकाच पिढीनंतर ७२३ जनुकांच्या कामात फरक आढळला, आणि त्यांत जखम भरणे, रोगप्रतिकार आणि चयापचय यांच्याशी संबंधित जनुके ठळक होती. दाटीत राहणाऱ्या प्राण्याला नेमके हेच लागते.

पर्यावरणाच्या अंगाने होणारे त्रास समजायला सोपे आहेत. लाखो पिले एका दिवशी सोडली की त्यांच्यावर टपलेले पक्षी आणि मोठे मासे तेथे जमतात आणि नदीची पिलेही त्यांच्या तोंडी जातात. हॅचरीचे मासे मुबलक आहेत म्हणून जाळी टाकली तर त्याच जाळ्यात नदीचा मोजका वाणही येतो. धरणे चुकवण्यासाठी पिले टँकरने खाली नेली तर वाटेतल्या पाण्याचे वास त्यांच्या मेंदूत ठसत नाहीत, आणि मोठी झाल्यावर ती भलत्याच नदीत शिरून तेथल्या वाणात मिसळतात. ओळख पटावी म्हणून अमेरिकेत हॅचरीच्या अनेक पिलांचा पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात; हा पर शाबूत असलेला मासा पकडला तर बहुतेक ठिकाणी तो परत सोडावा लागतो.

इतके वाचून हॅचरी बंदच करावी असे कोणाला वाटेल, तर दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आयडाहो राज्यातले रेडफिश सरोवर समुद्रापासून सुमारे १४५० किलोमीटरवर आणि जवळजवळ २००० मीटर उंचीवर आहे, आणि वाटेत आठ धरणे आहेत. १९९२ साली तेथे परतलेला सॉकाय सॅल्मन एकच होता, आणि तोही नर. लोकांनी त्याला 'एकटा लॅरी' असे नाव दिले. १९९१ ते १९९८ या काळात मिळून केवळ १६ मासे परतले. त्यांच्याकडून मिळालेले रेत गोठवून ठेवले गेले, कोणती जोडी कोणाशी लावायची हे वंशावळ पाहून ठरवले गेले, आणि त्यामुळेच हा वाण आज पृथ्वीवर आहे. आयडाहोतच जॉन्सन क्रीक या ओढ्यावर नेझ पर्स या आदिवासी जमातीने चालवलेल्या कार्यक्रमात प्रत्येक वेळी फक्त त्याच ओढ्यात जन्मलेले मासे आई-बाप म्हणून घेतले गेले; तेथे संख्या वाढली आणि क्षमतेत फारशी घट आढळली नाही. म्हणजे हॅचरी हे हत्यार आहे आणि ते चालवणारा वही ठेवतो की नुसते नग मोजतो, यावर बरेच अवलंबून आहे.

आता नाथसागराकडे येऊ. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात आपणहून अंडी घालत नाहीत; त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशांच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या गटातल्या माशांकडून अंडी घालवून घेतली, आणि मत्स्यबीज कारखान्यातल्या मालासारखे हवे तेवढे मिळू लागले. तो दिवस आजही देशभर मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. या यशातच अडचणीचे बीज आहे. दोन किलोची रोहूची मादी लाखोंनी अंडी देते, त्यामुळे सगळी मागणी भागवायला मोजक्या माद्या पुरतात. त्यांच्याच पिलांतून पुढचे ब्रूडर, म्हणजे पैदाशीचे आई-बाप मासे, ठेवले, बाहेरून नवे रक्त आणले नाही, तर काही वर्षांत संपूर्ण हॅचरी एका कुटुंबाची होते. घाईच्या दिवसांत गोल हौदात रोहू आणि कटला एकाच रात्री टोचून सोडले तर वाहत्या पाण्यात दोघांचे बीज मिसळते आणि ज्यांना धड रोहूही म्हणता येत नाही अशी पिले तयार होतात. जन्माच्या वेळी मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच उबलेली पिले, डोळ्याला सारखेच दिसते, म्हणून तक्रार होते ती वर्षभराने, वजन भरत नाही तेव्हा.

सॅल्मनचे गणित जायकवाडीला जसेच्या तसे लावता येणार नाही, हेही सांगायला हवे. रोहू, कटला आणि मृगळ हे मुख्यतः उत्तरेकडच्या नद्यांचे मासे. आपल्या धरणांत ते सोडलेले पाहुणे आहेत. येथे त्यांचा देशी वाण बिघडण्याचा प्रश्न नाही, प्रश्न आहे बीजाच्या कसाचा, आणि त्यांच्या गर्दीत गोदावरीच्या मूळ माशांचे काय होते याचा. पाहुणा यजमानाला कसा बाजूला सारतो, हे कावेरीत दिसले. दख्खनचा महासीर, ज्याचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये केले, तो लोणावळ्याजवळ हॅचरीत यशस्वीपणे वाढवला गेला आणि त्याची पिले चांगल्या हेतूने देशातल्या अनेक नद्यांत सोडली गेली. कावेरीतही सोडली. कावेरीचा स्वतःचा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महासीर तेव्हा शास्त्राच्या वहीत नीट नोंदलाही गेला नव्हता. गळ टाकणाऱ्यांच्या जुन्या नोंदींत तो कमी कमी होत गेला आणि पाहुणा वाढत गेला. २०१८ मध्ये त्याची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून जाहीर झाला.

काकांना मी त्या दिवशी जयंती रोहूबद्दल सांगितले. सॅल्मनच्या निवड पद्धतीने पैदाशीत मुरलेल्या नॉर्वेच्या एका संस्थेच्या सहकार्याने भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने १९९२ मध्ये हे काम सुरू केले आणि १९९७ मध्ये हा वाण पुढे आणला. प्रत्येक पिढीत वाढीचा वेग सरासरी १७ टक्क्यांनी सुधारत गेला. येथे निवड मुद्दाम आणि उघडपणे केलेली आहे, कारण हा मासा तळ्यात वाढवण्यासाठीच आहे. पण सुरुवातीला हॅचरीचा घरचा साठा पुरेसा मानला गेला नव्हता. गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या पाच नद्यांतून रानचे रोहू आणून त्यांचे रक्त एकत्र केले गेले होते. काकांनी विचारले, "म्हंजी नदीत मासा नसता, तर ह्यो बी झाला नसता?" मी हो म्हटले. त्यांनी पावती पुन्हा उघडली, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर हॅचरीचे गाव आणि त्या दिवसाची तारीख लिहिली आणि ब्रूडर कुठले, हे फोनवर विचारायला बोटीतल्या पोराला सांगितले.